न मोजलेली उडी

लांब उडीच्या पंचाकडे दोन झेंडे असतात. उडी घेताना पाय फळीच्या आत पडला तर पांढरा वर करायचा, फळीच्या पुढे गेला तर लाल. फळीच्या पुढच्या कडेला एका मऊ मातीची पट्टी बसवतात, लहान मुलं खेळायला घेतात तसल्या मातीची. बुटाचा शेंडा तिला लागला की वळ उठतो आणि मग कुणाला वाद घालता येत नाही. धारवाडच्या आणि आसपासच्या मैदानांवर मी हे काम बरीच वर्षं करते आहे. माझी नोकरी शाळेत, खेळाच्या शिक्षिकेची. पंच म्हणून उभं राहणं ही हौस.

खेळाडू म्हणून मी फार पुढे गेले नाही. युनिव्हर्सिटीच्या संघापर्यंत पोचले, तिथे शेवटून दुसरी-तिसरी आले आणि संपलं. त्यासाठी कुणाला दोष द्यावा असं काही नाही. माझी उडीच तेवढी होती.

मुलीची उडी माझ्यापेक्षा मोठी होती, हे तिच्या लहानपणीच दिसत होतं. रविवारी स्पर्धा असली की मी तिला बरोबर न्यायची, कारण तिचे अप्पा वकील आणि रविवारी घरी पक्षकारांची गर्दी. ती खड्ड्याच्या कडेला वाळूत खेळत बसायची. घरी आली की उंबऱ्यावरून उडी मारून मला विचारायची, "पांढरा का लाल?" मी स्वयंपाकघरातून न बघताच "पांढरा" म्हणायची.

तिला आपण स्वतः शिकवायचं नाही, असं मी आधीच ठरवलं होतं. घरात आई आणि मैदानावरही आई, हे कुठल्याही मुलीला जड जातं. केलगेरीच्या तळ्याच्या बाजूला एक निवृत्त फौजी मुलांना उड्या शिकवायचे. बोलायला रोखठोक, कन्नड सोडून दुसरं काही बोलायचे नाहीत. त्यांच्याकडे तिला घेऊन गेले तेव्हा पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "मॅडम, मैदानाच्या बाहेर तुम्ही आई. आत मी. नडुव बरब्याडरी." मधे येऊ नका. मी मान डोलावली आणि खरंच कधी मधे गेले नाही. पहाटे तिला तळ्याच्या रस्त्यावर सोडायचं, घरी येऊन डबे करायचे, शाळेत जायचं, इतकंच. ती दमून यायची, ताटात भाकरी कुस्करून ताक ओतायची आणि जेवताना सरांनी काय शिकवलं ते हातवारे करून सांगायची. ते दिवस चांगले होते.

ती बारावीत असताना राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आमच्याच मैदानावर झाली. मुलींच्या लांब उडीतून दोघी जाणार होत्या. माझी नेमणूक त्या दिवशी गोळाफेकीला होती, मीच तशी मागून घेतली होती. पण सकाळी कळलं की लांब उडीच्या फळीवर उभे राहणारे पंच गदगच्या रस्त्यावर अडकलेत, त्यांची बस बंद पडली आहे. मुख्य पंच माझ्याकडे आले.

"मॅडम, फळी तुम्ही सांभाळा."

"माझी मुलगी आहे त्यात," मी म्हटलं.

"ठाऊक आहे. पण तुमच्याइतकी नजर दुसऱ्या कुणाची आहे इथे? आणि तुमच्याबद्दल कोण काय बोलणार?"

मी नाही म्हणायला हवं होतं, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं. पण मग दुसरं कोण होतं? एक नवीन मुलगा होता, त्याने आयुष्यात झेंडा धरला नव्हता. मी इतर मुलींच्या पालकांकडे पाहिलं. त्यांच्यातल्या एका बाईंनी स्वतःहून सांगितलं, "तुम्हीच थांबा, चालेल आम्हाला." मी खुर्ची ओढून फळीच्या रेषेत बसले. मुलीने दुरून पाहिलं, आणि पुन्हा वाकून बुटाच्या नाड्या बांधायला लागली.

शेवटच्या फेरीपर्यंत ती तिसरी होती. दुसरीच्या आणि तिच्यात बोटभराचं अंतर. शेवटची उडी घ्यायला ती उभी राहिली तेव्हा तिचे सर कुंपणापाशी होते, हात पाठीमागे बांधून. ती धावत आली. तिच्या पावलांचा आवाज त्या दिवशी वेगळाच होता, एकसारखा, वाढत जाणारा. फळीवर पाय पडला तो आवाजही भक्कम. मग क्षणभर काहीच नाही, आणि पाठोपाठ सगळ्या मैदानातून एकदम "ओ" असा सूर निघाला.

मी पट्टीकडे पाहत होते. तिच्यावर वळ होता. नखाने ओढावा एवढा, पण होता.

मी लाल झेंडा वर केला.

खड्ड्यात ती अजून गुडघ्यांवर होती, दोन्ही हात वर करून हसत. तिने वळून झेंडा पाहिला. हात खाली आले. ती उठली, अंगावरची वाळू झाडली आणि खड्ड्याबाहेर पडली. सर आले, वाकून पट्टी पाहिली, मला म्हणाले, "बरोबर आहे," आणि तिच्याकडे गेले. फाऊल उडी मोजत नाहीत. वाळू ओढणाऱ्या मुलींनी फावड्याने खड्डा सारखा केला आणि पुढच्या खेळाडूचं नाव पुकारलं गेलं. मी पट्टीवरचा वळ बोटाने दाबून सपाट केला. तेही माझंच काम असतं.

त्या रात्री जेवताना तिचे अप्पा मला म्हणाले, "संशयाचा फायदा नावाची एक गोष्ट असते."

"संशय नव्हताच," मी म्हटलं.

मुलगी म्हणाली, "अप्पा, पाय लागला होता. विषय संपला," आणि आमटी वाढून घेतली.

इथपर्यंत काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मनाला लागून राहिलंय ते पुढचं आहे.

दुसऱ्या दिवसापासून फोन यायला लागले. मुख्य पंचांनी क्रीडाशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही हकीकत टाकली होती. तिथून ती कुठे कुठे गेली. एका कन्नड पेपरात कोपऱ्यात चार ओळी आल्या, मुलीलाही न सोडणारी पंच म्हणून. सोमवारी शाळेत प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकांनी मला पुढे बोलावलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि मुलांना सांगितलं की प्रामाणिकपणा शिकायला पुस्तकात जायला नको, तो तुमच्यासमोर उभा आहे. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी इतकी वर्षं त्या मैदानावर शिट्टी वाजवत होते, कवायत घेत होते, पण माझ्यासाठी टाळ्या पहिल्यांदाच वाजल्या.

मला फार छान वाटलं. हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण छान वाटलं. शाल पांघरलेला तो फोटो मी फोनवर माझा डीपी म्हणून लावला. मुलीच्या फोनमध्ये माझं नाव आलं की वर तोच फोटो दिसत असणार. ती कॉलेजातून फोन करायची, "आई, यायला उशीर होईल," आणि तिच्या हातातल्या पडद्यावर मी शाल घेऊन हसत असायची. हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

मग हुबळीहून बोलावणं आलं. कोप्पीकर रोडजवळच्या एका सभागृहात व्यापारी मंडळींच्या बायकांचं मंडळ जमतं. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडून पिढ्यांपूर्वी आलेली मराठी घरं. त्यांना 'खेळातली मूल्यं' या विषयावर माझं भाषण हवं होतं. मी आठवडाभर तयारी केली. आरशासमोर उभी राहून वाक्यं म्हणायची. शेजारच्या खोलीत मुलगी नडगीला बर्फ लावून अभ्यास करत बसलेली असायची. मधलं दार लाकडी, फटी असलेलं.

भाषणात मी म्हणाले, "त्या क्षणी मी आई नव्हते. मी फक्त पंच होते."

टाळ्या थांबेनात. एक बाई डोळे पुसत होत्या. सभेनंतर सगळ्यांना चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि चहा होता, आणि प्रत्येक बाई माझ्यापाशी येऊन माझा हात हातात घेत होती. खेळाडू म्हणून जे मला कधी मिळालं नाही ते मला पन्नाशीच्या आसपास मिळालं, आणि ते माझ्या मुलीच्या हुकलेल्या उडीतून मिळालं. परत येताना मी बसमध्ये खिडकीशी बसून मनात तेच वाक्य पुन्हा म्हणून पाहत होते.

त्यानंतर महिना-दीड महिन्यात तिच्या सरांचा फोन आला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी फोन केला नव्हता. "मॅडम, एकदा या. बघायला या."

मी केलगेरीला गेले. मुलीला मी येणार हे माहीत नव्हतं, सरांनी मला झाडामागे उभं केलं. ती धावत आली आणि फळीच्या वीतभर अलीकडूनच उडाली. पुन्हा धावली, पुन्हा तसंच. लांब उडीत वीतभर म्हणजे सगळं काही.

"प्रत्येक वेळी असंच," सर म्हणाले. "आता बघा." त्यांनी तिला पाणी प्यायला पाठवलं, फळीवर वाळू पसरून ती झाकून टाकली, आणि तिला नुसतं धावून उडायला सांगितलं. ती आली आणि अशी उडाली की मी झाडाला हात टेकला. सरांनी जागा दाखवली. पाय फळीवर, अगदी बरोबर पडला होता. मग त्यांनी फळी पुसून उघडी केली, आणि ती पुन्हा वीतभर अलीकडून उडाली.

"पायात काही नाही," सर म्हणाले. "भीती फळीची आहे का तुमची, ते मला ठाऊक नाही."

मी काय करू, असं मी त्यांना विचारलं. ते तळ्याकडे पाहत म्हणाले, "आता काही करू नका."

घरी येऊन मी डीपी बदलला. कुंडीतल्या जास्वंदीचा लावला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

पुढच्या वर्षीच्या चाचणीत तिची एकही उडी फाऊल झाली नाही. सगळ्या उड्यांना पांढरे झेंडे मिळाले, आणि ती पाचवी आली. मी त्या दिवशी रजा काढून घरी बसले होते. संध्याकाळी तिने दारात बूट काढले, धुतले, उन्हात ठेवतात तसे गच्चीवर उलटे ठेवले, आणि सांगितलं की हुबळीला फिजिओथेरपीला प्रवेश मिळतोय तर ती जाणार आहे. "आणि उडी?" मी विचारलं. "झाली की," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. तिचे अप्पा तिला म्हणाले, "अजून एक वर्ष बघ." ती म्हणाली, "अप्पा, पाय फळीला घाबरतो आणि मी पायाला काही सांगू शकत नाही."

ती रोज हुबळीला जाऊन-येऊन करायला लागली. एकदा मला तिकडे काम होतं, म्हणून येताना आम्ही एकाच बसने निघालो. बस भरलेली होती. आम्हाला शेजारी-शेजारी जागा मिळाली. नवनगर मागे पडलं तसं समोर उभ्या असलेल्या एक बाई माझ्याकडे निरखून पाहायला लागल्या.

"तुम्ही त्याच ना हो? मुलीला बाद केलेल्या? आमच्या मंडळात आला होतात."

मी हो म्हटलं.

"आणि ही?"

"मीच ती मुलगी," माझ्याआधी मुलीनेच सांगितलं.

"अगंबाई! काय नशीबवान आहेस गं. केवढा अभिमान वाटत असेल ना आईचा?"

"वाटतो की," ती म्हणाली, आणि उठून त्यांना आपली जागा दिली. त्या बाई धारवाड येईपर्यंत माझ्याशी बोलत राहिल्या. मुलगी दांडीला धरून उभी होती, पाठमोरी.

उतरल्यावर आम्ही चालत निघालो. घर जवळ आल्यावर ती म्हणाली, "आई, किती गेली होती गं ती?"

"काय?"

"काय म्हणून विचारू नकोस ना. ती उडी. सरांना विचारलं तर ते विषय बदलतात. वाळू ओढणारी एक मुलगी सांगत होती की दुसरीच्या निशाणाच्या बरीच पुढे होती म्हणून. पण तिला काय कळतंय. तुझी नजर पक्की आहे. तू सांग. किती असेल?"

मी थांबले.

"मी पाहिलीच नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"फळीवरच्या पंचाने फळीच बघायची असते. पाय पडला, की पट्टी. तू हवेत होतीस तेव्हा मी पट्टी बघत होते. मान वर केली तेव्हा तू खाली गुडघ्यांवर होतीस."

रस्त्याच्या कडेला एका घराचं कुंपण होतं, त्याच्या गजांवरून ती हात फिरवत राहिली.

"सगळ्यांनी पाहिली," ती म्हणाली. "चहावाल्यानेसुद्धा. मला वाटायचं, निदान तुझ्याकडे असेल ती."

मी म्हटलं, "चुकलंच गं माझं. फळीवर बसायलाच नको होतं मी."

"झेंड्याचं काही नाही गं." ती चिडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "पाय लागला हे मला तुझ्याआधी कळलं होतं. पायाला कळतं. मी हात वर केले ते उगाच, वाटलं दिसला नसेल तुला. पण तू भाषणात म्हणालीस ना, मी आई नव्हते म्हणून? ते कशाला? त्याचा व्हिडिओ माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर आला होता. आई असतीस तरी झेंडा लालच दाखवला असतास ना? मग टाळ्यांसाठी मला कशाला काढून टाकलंस?"

मी तिचा हात धरायला गेले. तिने धरू दिला, पण तिचा हात तसाच राहिला, सैल. मी माफी मागितली. आईने मुलीची मागावी तशी घाईघाईने नव्हे, नीट, काय काय केलं ते सांगून: शाल, फोटो, आरसा, भाषण. आरशाचं तिला माहीत होतं. दाराच्या फटीतून सगळं ऐकू यायचं, ती म्हणाली.

शेवटी ती म्हणाली, "होगली बिडू, आई." म्हणजे जाऊ दे. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीवर पडदा टाकायला हे दोन शब्द वापरतात. गेलं का, ते विचारायचं नसतं.

हुबळीच्या मंडळाने पुढच्या वर्षी पुन्हा बोलावलं. मी नाही म्हटलं. त्यांना तो माझा विनय वाटला आणि त्यांनी त्याचंही कौतुक केलं.

पंचाचं काम मी सोडलं नाही. सोडावंसं वाटलं होतं, पण तेही कुणाला तरी दाखवण्यासाठीच केल्यासारखं झालं असतं. मुख्य पंचांना एवढंच सांगितलं की मला फळी नको, खड्ड्याकडची टेप धरायला द्या. त्यांनी कारण विचारलं नाही. आता मी वाळूपाशी उभी असते. मुली हवेत असतात तेव्हा बघते, उतरतात तिथे खूण करते.

गेल्या हिवाळ्यात शालेय स्पर्धांना तिच्या कॉलेजातली मुलं मदतीला आली होती. मांडवाखाली बर्फाची पेटी, पट्ट्या, स्प्रे घेऊन ती बसली होती. माझ्या खड्ड्यात कलघटगीकडच्या एका मुलीचा पाय मुरगळला. मी तिला खांद्याचा आधार देऊन मांडवात नेलं. पोरगी रडत होती, दुखण्यापेक्षा पुढच्या फेरीच्या काळजीने.

माझ्या मुलीने तिला खुर्चीवर बसवलं, पाय मांडीवर घेतला आणि घोटा हळूहळू फिरवून पाहिला. "इथे दुखतंय? आणि इथे?" ती कन्नडमध्ये विचारत होती. "हाडाला काही नाही. पण आज नाही उडायचं."

"अक्का, माझी जागा दुसरीने नेली तर?" ती मुलगी म्हणाली.

माझी मुलगी पट्टी गुंडाळत राहिली, घट्ट, एकावर एक.

"अक्का, तुम्हीपण उडायचात का?"

"थोडे दिवस," ती म्हणाली.

मी तिथेच उभी होते. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही, प्रेमानेही नाही, कामाच्या माणसाकडे बघतात तसं, आणि बर्फाची पिशवी पुढे केली. "आई, जरा धर ही. इथे, बाहेरच्या बाजूला. दाबू नकोस." मी खाली बसले आणि धरली. खड्ड्याकडून माझं नाव पुकारत होते. मी हात वर करून थांबा म्हटलं.